ठाण्यात चिंचिला पाळायची आहे, जमेल का?

गवतफुला

नमस्कार मंडळी, आधी शोधून बघितलं पण कुत्रा, मांजर आणि फिश टँक सोडून काही सापडलं नाही म्हणून नवीनच धागा काढतेय. तर झालंय असं की मे महिन्यात आम्ही दिराकडे म्युनिकला गेलो होतो, त्यांच्याकडे दोन चिंचिला आहेत, आणि तिथून परत आल्यापासून आमच्या कन्यकेने (वय ११) एकच धोशा लावलाय. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: सशाएवढे गोल कान नसलेला... छे, नीट सांगता येत नाही, राखाडी रंगाचा गुबगुबीत प्राणी, उंदराच्या जातकुळीतला, झुपकेदार शेपूट, आणि अंगावर हात ठेवला तर बोटं कुठे टेकतायत तेच कळत नाही इतकं मऊ.

इन्स्टावर एक विक्रेता सापडलाय, मुंबईत घरपोच देतो म्हणे. किंमत ऐकून नवरा सोफ्यावर बसला तो अजून उठलेला नाही. पण पैशाचं एकवेळ बघू, मला कळायचंय ते असं की ठाण्याच्या हवेत हा प्राणी राहील का? आमच्याकडे टू बीएचके, सातवा मजला, दिवसा सासूबाई घरी असतात. त्यांना उंदीर या विषयाचं वावडं आहे पण चिंचिलाचा फोटो बघून "गोड आहे हो" म्हणाल्या. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अळूवडी

नवऱ्याला आधी लिंबू सरबत द्या. बाकी चर्चा नंतर.

मिनेसोटाकर

आमच्याकडे आहेत दोन, त्यामुळे सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे हा प्राणी कुठला ते बघा. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचा. रात्री तिथे मरणाची थंडी, म्हणून अंगावर एवढी दाट फर की एकेका छिद्रातून पन्नास-साठ केस निघतात, आपल्या डोक्यावर एका छिद्रातून एक, फार तर दोन-तीन. जमिनीवरच्या प्राण्यांमध्ये याच्याइतकी दाट फर दुसऱ्या कोणाची नाही. आणि याच फरपायी ते जवळपास संपले, एका कोटाला शंभराच्या वर कातडी लागायची. १९१० साली चिली, पेरू, बोलिव्हिया, अर्जेंटिना यांनी मिळून शिकारीवर बंदीचा करार केला तोपर्यंत उशीर झालेला होता. आज जंगलात दोन जाती उरल्यात आणि दोन्ही धोक्यात, चिलीत इयापेल गावाजवळ १९८३ पासून त्यांच्यासाठी राखीव क्षेत्र आहे.

आता पाळीव कुठून आल्या? मथायस चॅपमन नावाचा अमेरिकन खाण इंजिनियर चिलीत काम करत होता, त्याने माणसं लावून जिवंत चिंचिला पकडवल्या, बऱ्याच खटपटीनंतर हाताला डझनभरच लागल्या. १९२३ साली तो ११ घेऊन कॅलिफोर्नियात उतरला. आज आमच्या घरात जी जोडी आहे ती बहुतेक त्या ११ चीच खापरपणतवंडं. पण गवतफुलाताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या गोष्टीतच आहे. त्या माणसाने प्राणी डोंगरावरून एकदम खाली आणले नाहीत, टप्प्याटप्प्याने महिनोन्‌महिने घालवून उतरवले कारण खालची हवा त्यांना झेपेना, आणि जहाजावर उकाड्याच्या पट्ट्यातून जाताना पिंजऱ्यांभोवती बर्फ ठेवून गारवा राखला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी पहिल्या दिवसापासून या प्राण्याचा एकच प्रॉब्लेम आहे, उष्णता.

१५ ते २१ अंश सेल्सियसमध्ये मजेत असतात. २५ च्या वर गेलं की आम्ही लक्ष ठेवायला लागतो. घामाच्या ग्रंथी नाहीत, उष्णता बाहेर टाकायची ती कानांतून, कान लालबुंद दिसले आणि प्राणी आडवा पडून धापा टाकतोय म्हणजे उष्माघात, त्यातून वाचेलच याची खात्री नाही. इथे बाहेर उणे वीस असतं त्याचं त्यांना काही नाही (घरात असतात अर्थात), पण जुलै-ऑगस्टमध्ये एसी बंद पडला तर आमची तंतरते.

रोजचं काम सांगतो. पाण्याने आंघोळ कधीही नाही. फर इतकी दाट की आत ओल राहिली तर वाळत नाही आणि बुरशी धरते. त्याऐवजी ज्वालामुखीच्या राखेची बारीक पूड मिळते, ती भांड्यात घालून आठवड्यातून दोन-चारदा दहा-पंधरा मिनिटं ठेवायची, त्यात ते लोळतात, गिरक्या घेतात, बघायला धमाल येते. मग ती पूड टीव्हीवर, पुस्तकांवर, डाळीच्या डब्यांवर सगळीकडे. घरात कोणाला दमा असेल तर विषय तिथेच संपला. साधी वाळू चालत नाही, टाल्कम पावडर तर अजिबात नाही.

खाणं म्हणजे वाळलेलं गवत, कायम पुढ्यात, बरोबर चमचा-दोन चमचे पेलेट (गवताच्या पुडीच्या दाबून केलेल्या गोळ्या). मनुका जीव ओवाळून टाकतील इतकी आवडते पण साखर पचत नाही, आठवड्यात एखादी दिली तर दिली. प्लास्टिक कुरतडतात म्हणून पिंजरा लोखंडी, उंच, आत लाकडी फळ्या वेगवेगळ्या उंचीवर, कारण एका उडीत पाच-सहा फूट जातात. तळाला जाळी नको, पाय सोलवटतात. रात्री अकरानंतर यांचा दिवस सुरू होतो, चाक फिरवतात, मध्येच घाबरल्या तर कुत्र्यासारखं भुंकतात. मादी चिडली तर मागच्या पायांवर उभी राहून लघवीची पिचकारी मारते, नेम चांगला असतो. लेंड्या दिवसाला शेकड्याने, पण कोरड्या असतात, वास नाही.

शेवटचं म्हणजे आयुष्य. नीट ठेवली तर दहा ते वीस वर्षं जगते, विक्रम २९ वर्षांचा आहे. तुमची मुलगी ११ ची. ती कॉलेजला, नोकरीला, लग्न करून कुठे गेली तरी चिंचिला तुमच्याकडेच.

गवतफुला

बापरे. एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल खूप आभार. दिराकडे गेले तेव्हा पूड वगैरे दिसली होती पण मला वाटलं तो पिंजऱ्यातला कचरा आहे :) एक शंका, आमच्या बेडरूममध्ये एसी आहेच, रात्री चालू असतोच, दिवसाही लावला २४ वर तर चालणार नाही का?

मिनेसोटाकर

इथे पाळणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा आहे, फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज १५० च्या खाली राहिली पाहिजे. जुलैतलं ठाणं घ्या, एसी नाही, खोलीत २९ अंश म्हणजे ८४ फॅरनहाइट, आर्द्रता ८५ धरा, झाले १६९. एसी २४ वर म्हणजे ७५, आर्द्रता उतरून ५५ झाली तर १३०. कागदावर बसतं. पण ते चोवीस तास, बाराही महिने, आणि पंधरा वर्षं बसायला हवं. दाराला फट ठेवून कोणी बाहेर गेलं, एसीचा गॅस संपला, लाइट गेली, सासूबाईंना हवा सोसेना म्हणून त्यांनी बंद केला, यातलं एक दुपारी घडलं तरी पुरे आहे. बेडरूममध्ये ठेवलीत तर पहाटे दोनला चाकाचा आवाज ऐकत झोपायचं हेही आलंच.

झाडाखाली

मुळात पिंजऱ्यात घालून प्राणी पाळायचाच कशाला? मुलीचा हट्ट आहे म्हणून चिलीतला प्राणी ठाण्यात सातव्या मजल्यावर? उद्या पेंग्विन मागेल. राग मानू नका पण हे सगळं रील्स बघून सुरू झालेलं फॅड आहे.

गवतफुला

राग नाही, पण रील्स बघून नाही हो, प्रत्यक्ष हातात घेऊन आलेय. आणि आधी विचारतेय ना, विकत घेऊन मग नाही विचारत.

अळूवडी

पेंग्विन तर भायखळ्याला आहेत. त्यांच्या देखभालीच्या खर्चावरून केवढं गाजलं होतं, आठवतंय ना? नवऱ्याला ते दाखवू नका.

सुपारीबाग

मला एवढं टोकाचं वाटत नाही. पुण्यात माझ्या मित्राकडे आहे चिंचिला, बाणेरला, दोन-तीन वर्षं झाली असतील, ठणठणीत आहे. एसी असतो, शिवाय पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा ठेवलाय, दुपारी ती त्यावर पसरलेली असते. पैसे असतील आणि हौस असेल तर का नाही? लोक हस्की पाळतातच की.

गुरांचा_डॉक्टर

(नाव गुरांचा असलं तरी सध्या पुण्यात लहान प्राणीच जास्त बघतो.)

सुपारीबाग, फरशीची आयडिया चांगली आहे, ग्रॅनाइट, कडप्पा, शहाबादी काहीही चालतं, आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवून दिली तर अजून बरं. पण खोलीच गरम असेल तर तासाभरात फरशीही गरम होते. ती एसीला जोड आहे, एसीच्या जागी नाही. आणि हस्कीचं उदाहरण देऊ नका, उन्हाळ्यात दवाखान्यात काय अवस्थेत येतात ते आम्ही बघतो.

मला दुसरंच सांगायचंय. समजा तुम्ही गारवा सांभाळला. प्राणी आजारी पडला तर दाखवणार कुणाला? चिंचिला, गिनीपिग, ससा, हॅमस्टर यांच्यावर कुत्र्या-मांजराची औषधं आंधळेपणाने चालत नाहीत. सगळ्यात मोठा घोळ अँटिबायोटिकचा. अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन हे यांना तोंडावाटे दिलं की पोटातले गवत पचवणारे जिवाणू मरतात, नको ते वाढतात, आणि प्राणी काही दिवसांत जातो. पालक काय करतात, पिल्लू शिंकतंय म्हणून घरातलं लहान मुलाचं उरलेलं गुलाबी सिरप दोन थेंब पाजतात. कृपा करून हे करू नका. आजार बरा झाला असता, सिरपने मेलं, अशा केसेस मी बघितल्यात.

दुसरं, दात. चिंचिलाचे सगळे दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचेही आणि दाढाही. रानात खरखरीत गवत दिवसभर चावून ते झिजतात. आपण पेलेट, बिस्किट, सुकामेवा घालतो, चावायला काही लागतच नाही, दाढा वाढून जिभेत घुसतात किंवा मुळं उलटी वर डोळ्याकडे सरकतात. डोळ्यातून पाणी, हनुवटी सतत ओली, खायला जातो पण तोंडातून टाकतो, ही लक्षणं. पुढचे दात पिवळे-केशरी असतात ते बघून लोक घाबरून येतात, ते निरोगी आहेत, पांढरे पडले तर या. (गिनीपिगचे मात्र पांढरेच असतात.) दाढा घासायच्या तर भूल द्यावी लागते आणि एवढ्याशा, अर्ध्या किलोच्या प्राण्याला भूल देणारा हात सगळ्यांकडे नसतो. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, आणखीही काही ठिकाणी असे प्राणी बघणारे आहेत, पण आधी फोन करून "चिंचिला बघता का" हे विचारा. उत्तर मिळालं की मग विकत घ्यायचा विचार.

या सगळ्या जातींना उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं पुढेच सरकलं पाहिजे. बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, तर सकाळची वाट बघायची नाही.

फाईल_क्लोज

कायद्याचं कोणी बोललं नाही म्हणून मी. जंगली चिंचिला साइटिसच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट १ मध्ये आहे, म्हणजे व्यापार बंद. फार्ममध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या पाळीव चिंचिलाला त्यातून सूट आहे. म्हणून विक्रेता "लीगल आहे मॅडम" म्हणतो ते एका अर्थी खोटं नाही. पण प्रश्न तो प्राणी भारतात आला कसा हा आहे. जिवंत प्राणी आयात करायला परवाना लागतो, क्वारंटाइन लागतं. दिराला "येताना घेऊन ये" असं सांगायचा विचार असेल तर तो सोडा, बॅगेतून आणायची गोष्ट नाही ही. बँकॉकच्या विमानातून सामानात कोंबलेले प्राणी मुंबई कस्टम्सने पकडल्याच्या बातम्या सारख्या येत असतात, त्यातले किती रस्त्यातच मेलेले असतात ते बातमीत शेवटच्या ओळीत असतं.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यात साइटिसच्या यादीतले परदेशी प्राणी ठेवणाऱ्यांसाठी नोंदणी आलीय, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करायची, त्याचे नियम २०२४ मध्ये आले. तुमच्या प्राण्याला ते लागू होतं की नाही हे वनखात्याकडून लेखी घ्या, विक्रेत्याच्या व्हॉट्सॲप मेसेजवर जाऊ नका. त्याच्याकडे खरेदीचं बिल आणि मूळ आयातीचे कागद मागा. बहुतेक तो तुम्हाला ब्लॉक करेल, मग उत्तर मिळालंच.

जाता जाता, २०१७ पासून आपल्याकडे चिंचिला, मिंक आणि कोल्ह्याच्या फरची आयात बंद आहे.

खारूताई

मग खार पाळा, फुकट. आमच्या गॅलरीत एक पिल्लू पडलं होतं, भावाने ड्रॉपरने दूध पाजून वाढवलं, खांद्यावर बसायची.

फाईल_क्लोज

खारूताई, वाचवलंत ते ठीकच, पण पाळणं कायद्यात बसत नाही, आपल्या रानातले प्राणी-पक्षी घरात ठेवता येत नाहीत. शेकरू तर राज्यप्राणी. पेरू खाणारा आपला हिरवा पोपटसुद्धा चालत नाही, लोकांना वाटतं मिठू म्हणजे घरचा.

रस्सा_पांढरा

आमी कोल्हापूरचं. चिंचिला काय बघितली नाही कधी पण आमच्यात गिनीपिग हायत, सहा-सात वर्षं झाली असतील, तेव्हा मी जरा बोलतो.

ताई तुमच्या पोरीला मऊ, गुबगुबीत, हातात बसणारं पाहिजे ना? गिनीपिग घ्या, दोन घ्या. एकटा ठेवू नका, त्यो कळपातला जीव हाय, एकटा बसला तर खात न्हाई नीट. स्वित्झर्लंडमधी तर एकटा ठेवायला कायद्यानंच बंदी हाय म्हणं. आणि हे पण मूळचे त्या चिंचिलाच्याच गाववाले, अँडीजचेच, पण हजारो वर्षं माणसात राहिल्यामुळं भिडस्त न्हाईत. दिवसा जागे असतात, ह्ये लई महत्त्वाचं. पोरगी शाळेतनं आली की तिच्यासंगट जागं पाहिजे की नको? चिंचिला रात्री अकराला उठणार, पोरगी झोपलेली, मग बघणार कोण, तर तुमी.

आमच्या घरात काय होतं सांगतो. मंडईतनं पिशवी घेऊन आलो, अजून चप्पल काढायची हाय, तर आतनं दोघी एकदम "वीऽऽक वीऽऽक वीऽऽक" करून बोंबलाय लागतात. पिशवीचा आवाज वळखतात. किराणाच्या पिशवीला गप, भाजीच्या पिशवीला ओरडणार, कसं काय कळतं देव जाणे. फ्रीज उघडला की तेच. रात्री आई दूध काढायला उठली तरी. कोथिंबिरीची काडी दोन बाजूनी दोघी धरतात आणि मधी येईस्तोवर चावत येतात, मग थोरली धाकटीच्या तोंडातनं उरलेलं वडून घेते आणि हिकडं येऊन बसते, धाकटी जरा वेळ तसंच तोंड हलवत बसती, काय गेलं ते तिला कळतच न्हाई. खूश झाल्या की उभ्या जागी उड्या मारतात, मक्याची लाही फुटल्यागत.

खर्च म्हणशीला तर दूर्वा, सिमला मिरची, काकडी, गाजर थोडं. यांना माणसासारखं क जीवनसत्त्व बाहेरनं लागतं, अंगात तयार हुत न्हाई, म्हणून रोज सिमला मिरची न्हाईतर पेरूची फोड, कोथिंबीर. न्हाईतर सांधे धरतात, हिरड्यांतनं रक्त येतं. कांदा, लसूण, बटाटा बिलकूल न्हाई.

जागा मात्र द्या. दुकानात ते पक्ष्याच्या पिंजऱ्यात कोंबून ठेवलेले असतात तसं न्हाई. आमी चार फूट बाय दोन फुटाच्या वरचं कुंपण केलंय जमिनीवरच, वरनं उघडं, हे उड्या मारून भाईर येत न्हाईत. खाली जुन्या चादरी, त्याच्यावर गवत. दोन खोकी लपायला, दोघींना दोन, एकच ठेवलं तर भांडणं.

गुरांचा_डॉक्टर

रस्सासाहेबांना पूर्ण अनुमोदन. फक्त एवढं धरा की गिनीपिगलाही उकाडा फारसा सोसत नाही, २७-२८ च्या वर गेलं की त्रास होतो. पण पंखा, गार फरशी, पाण्याची बाटली गोठवून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली तर ठाण्यात निभावतं. चिंचिलाचं त्यावर निभावत नाही. खिडकीच्या उन्हात आणि किचनच्या भिंतीला लागून ठेवू नका.

आणि दुकानातून "दोघी बहिणी" म्हणून आणलेल्यांपैकी एक बहीण नर निघणे ही आमच्याकडची रोजची गोष्ट. नर तीन-चार आठवड्यांचा झाला की वयात येतो. मादी ६-७ महिन्यांची होईपर्यंत एकदाही व्यायली नसेल तर तिच्या ओटीपोटाची हाडं घट्ट जुळतात, त्यानंतर पहिल्यांदा गाभण राहिली तर पिल्लं अडकतात, सिझर करावं लागतं, आणि त्यात मादी दगावते बऱ्याचदा. व्यायल्यावर काही तासांत पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून "होऊ देत पिल्लं, मुलीला मजा वाटेल" हे नको.

चहा_बशीत

हॅमस्टरबद्दल कोणी बोलेल का? आमच्या सोसायटीत दोघांनी आणलेत, लहान पिंजरा, जोडी ठेवलीय, कालपासून एकाचा कान फाटलाय.

मिनेसोटाकर

वेगळे करा, आजच. सोनेरी म्हणजे सीरियन हॅमस्टर एकटाच राहतो, दोन मोठे एका पिंजऱ्यात ठेवले तर एक दुसऱ्याला मारतो. याची गोष्ट तर चॅपमनपेक्षा भारी आहे. १९३० साली सीरियात अलेप्पोजवळच्या एका शेतात आहारोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने जमीन खणून एक मादी आणि तिची पिल्लं काढली. डब्यात घालताना आईने एका पिल्लाला तिथेच मारलं. उरलेल्यांतले काही पळाले, काही मेले, आणि जे दोन-चार राहिले त्यांच्यापासून आज जगभरातले घरोघरचे सोनेरी हॅमस्टर आलेत. गाभण काळ फक्त सोळा दिवस, त्यामुळे संख्या वाढायला वेळ लागत नाही. आयुष्य दोन-अडीच वर्षं.

पिंजरा खेळण्यातला असतो तसा नको, जमिनीचं क्षेत्रफळ महत्त्वाचं, खाली सहा-आठ इंच भुसा कारण हा बिळं खणणारा प्राणी आहे. चाक एवढं मोठं हवं की पळताना पाठ सरळ राहील. तो पारदर्शक प्लास्टिकचा चेंडू मिळतो, ज्यात घालून घरभर सोडतात, तो फेकून द्या.

चहा_बशीत

सांगितलं त्यांना. म्हणाले दुकानदाराने जोडीनेच द्यायचे असतात असं सांगितलं. जास्तीचा एक खपवला त्याने, दुसरं काय.

उंटावरून

गिनीपिगचा विषय निघालाच आहे तर सांगतो, पेरूला गेलो होतो तेव्हा तिथे तो ताटात येतो, अख्खा, दातांसकट. कूय म्हणतात. कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये अठराव्या शतकातलं शेवटच्या भोजनाचं चित्र आहे, येशू आणि शिष्यांच्या मध्ये ताटात हाच भाजलेला, काही जण म्हणतात तो विस्काचा आहे, चिंचिलाचा नातेवाईक. चव सशासारखी.

रस्सा_पांढरा

साहेब आमच्या दोघी हितंच बसल्यात. जरा हळू बोला.

झाडाखाली

वर मी जरा तिरकं लिहिलं होतं पण डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून एक विचारतो, विकत घेण्यापेक्षा दत्तक मिळत नाहीत का? लॉकडाऊनमध्ये आणलेले ससे आणि गिनीपिग नंतर लोकांनी सोसायटीच्या बागेत सोडून दिलेले मी स्वतः पाहिलेत, दोन दिवसांत मांजरांनी संपवले.

गुरांचा_डॉक्टर

मिळतात, ससे तर हवे तेवढे. प्राणी वाचवणाऱ्या गटांच्या पेजवर बघा, दवाखान्यांत विचारा. दत्तक घेतलेले बहुतेक वेळा तपासलेले असतात, नर आहे की मादी हे ठाऊक असतं. सशाचा विचार करणार असाल तर तो उंदराच्या कुळातला नाही, आठ-दहा वर्षं जगतो, वायरी कुरतडतो, आणि त्याला उचलून घेतलेलं अजिबात आवडत नाही. मुलांना उचलायलाच हवं असतं, त्यामुळे चिडचिड दोन्हीकडून.

सुपारीबाग

मित्राला विचारलं काल. म्हणाला बिल उन्हाळ्यात दुप्पट येतं आणि गेल्या तीन वर्षांत दोघं नवरा-बायको एकत्र गावाला गेलेले नाहीत, एक जण कायम घरी. तरी म्हणतो परत घेईन. मी आपलं कळवलं.

गवतफुला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री कन्यकेला हा धागा वाचून दाखवला, म्हणजे मिनेसोटाकरांचा प्रतिसाद आणि डॉक्टरांचा. बर्फ लावून जहाजातून आणलेल्या चिंचिला ऐकून आधी गप्प बसली, मग विचारलं की आपल्याकडे वीस वर्षं एसी चालेल का. बाबा म्हणाला नाही. मग कोथिंबिरीच्या काडीचा भाग तीनदा वाचायला लावला. तर आता गिनीपिग, दोन, मादी, दत्तक मिळाल्या तर उत्तम. चिंचिला म्युनिकला जाऊन बघायची असं ठरलंय. सासूबाईंचं म्हणणं की शेपूट नाही म्हणजे उंदीर नाही, त्यांची हरकत मिटली.

आता कामाचा प्रश्न. परदेशी टिमथी गवताची ऑनलाइन किंमत बघितली, दर महिन्याला एवढं परवडणार नाही. इथे आसपास तबेले आहेत, तिथे लसूणघास मिळतो, तो वाळवून चालेल का? आणि दूर्वा रोज किती?

गुरांचा_डॉक्टर

लसूणघास सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना आणि गाभण मादीला चांगला. मोठ्यांना रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त, मूतखडे होतात. मोठ्यांना हरळी, दूर्वा, साधं रानगवत, मारवेल मिळालं तर तेही, सावलीत दोन-तीन दिवस पसरून कोरडं करा, उन्हात टाकलं तर रंग आणि सत्त्व दोन्ही जातं. ओलसर असताना पोत्यात भरलं की बुरशी, पावसाळ्यात हेच होतं, वास घेऊन बघा, कुबट आला तर टाकून द्या. भाताचा पेंढा खाली अंथरायला ठीक, पोटाला उपयोग नाही. ज्वारीचा कोवळा फुटवा बिलकूल नको, गुरांना त्याने विषबाधा होते, यांनाही होईल. पूर्ण गवत देशी करायचं नसेल तर अर्धं टिमथी, अर्धं हे, पण गवत दिवसरात्र पुढ्यात हवं.

ताज्या दूर्वा मूठभर, पहिल्या आठवड्यात चार काड्यांपासून सुरुवात, एकदम दिल्या तर पोट फुगतं. फूलवाल्याकडच्या असतील तर दोन पाण्यांतून धुवून घ्या, कुठून खुडल्यात माहीत नसतं.

रस्सा_पांढरा

गणपतीत फूलवाल्याकडं दूर्वा महाग हुत्यात, ताई, त्या आधीच कुंडीत लावून ठेवा. दोन पसरट कुंड्या केल्या की दोघींना पुरतं. एक कुंडी खायला दिली की दुसरी वाढती.

अळूवडी

नवरा उठला का सोफ्यावरून?

गवतफुला

उठला. कुंपणाला लागणाऱ्या जाळ्यांचं माप घेतोय. रस्सादादा, जाळीतलं अंतर किती ठेवायचं? पिल्लू आणलं तर बाहेर निघेल का त्यातून?

रस्सा_पांढरा

पिल्लू आसंल तर इंचाच्या आतलं पाहिजे, मोठ्यांना दीड इंच चालतं. त्यांचं डोकं गेलं की अंग जातं, म्हणून डोक्यावरनं माप घ्या. आणि खालच्या बाजूला टोकदार तार राहिली न्हाई ना ते हात फिरवून बघा.